बदकाची शिकार, बंदूक वजा जाता

बदकाची शिकार शिकायची तर पहाटे चारला उठावं लागतं. इथेच निम्मे उमेदवार गळतात. उरलेल्यांनी वारा पाठीवर घेऊन लव्हाळ्यात बसावं, कारण बदक वाऱ्याकडे तोंड करून पाण्यावर उतरतं, म्हणजे आपल्याच दिशेने येतं. बसल्यावर हलायचं नाही, खोकायचं नाही, विडी तर नाहीच. जात ओळखल्याशिवाय चाप ओढायचा नाही. चाळीस यार्डांपलीकडे बार टाकायचा नाही. छर्रे पांगतात आणि पाखरू जखमी होऊन कुठेतरी गवतात मरायला जातं. पडलेलं सापडेपर्यंत दुसऱ्यावर नेम धरायचा नाही.

ह्यातला ओळखण्याचा नियम मोठा गुणाचा निघाला. काँग्रेसवाले ॲलन ह्यूम आपल्याला १८८५ पासून ठाऊक; पण त्याआधीच, १८७९ ते १८८१ मध्ये, त्यांनी मार्शल यांच्यासह शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड काढले होते. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. तिच्या आठ संस्थापकांत प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग होते. शिकारी आणि प्रार्थना समाजिस्ट एका सतरंजीवर! बदकांवरचा स्टुअर्ट बेकर यांचा ग्रंथ सोसायटीनेच १९०८ साली छापला, आणि हे गृहस्थ पोलीसखात्यातले. पोरवयात छऱ्याच्या बंदुकीने पिवळ्या गळ्याची चिमणी पाडून ‘ही कोण?’ विचारायला सोसायटीत गेलेला मुलगा म्हणजे सालिम अली.

पण नियम वहीत राहतात आणि हौस सुटते. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरला व्हॉइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पाखरं पडली. तो आकडा तिथे दगडावर कोरलाय. योगायोग असा, की सालिम अलींचा तो बेचाळिसावा वाढदिवस.

१९७२ च्या कायद्यात परवाना काढून शिकारीची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. बंदूक गेली, पण पहाट, वारा, गप्प बसणं, ओळखणं हे सगळं राहिलं. आमच्या वटारला ते शिकायला बावखल पुरतं. वाडीला पाणी देण्यासाठी खणलेला तो खड्डा. काठाला केळी, नारळ, मध्ये पाणवनस्पती. चोचीच्या मुळाशी कुंकू आणि टोकाला हळद लावलेलं हळदी-कुंकू बदक एकदा ओळखलं की जन्मात चुकत नाही. थापट्याची चोच तर उलथन्यासारखी. थंडीत परदेशाहून येतो, आणि पाणी नसेल तर थांबत नाही. त्याला रहिवासी दाखला लागत नाही, फक्त बावखल लागतं. आणि वसईत बावखलं भराव टाकून बुजवण्याचा धंदा बरा चाललाय.

मी दुर्बीण घेऊन परतताना शेजारचे काका कुंपणापाशी हटकून विचारतात, “काय हो, किती मिळाली?”

“अकरा.”

“मग पिशवी रिकामी?”

“सगळी तिथंच ठेवलीत, काका.”

“अरे देवा! मग कुणीतरी नेईल ना!”