व्हॅलियन, व्हर्जिनिया

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. भाषासंपादनाच्या अभ्यासक व विद्यापीठांतील विज्ञानशाखांत स्त्री-प्राध्यापकांना समान संधी मिळावी, यासाठी झालेल्या प्रयत्नांतील एक अग्रणी. नॉर्थईस्टर्न विद्यापीठाची पीएच्.डी. मिळविल्यानंतर पुढे न्यूयॉर्क नगर विद्यापीठाच्या हंटर महाविद्यालयात त्यांनी मानसशास्त्राचे प्राध्यापकपद भूषविले. लहान मुले वाक्यरचना कशी आत्मसात करतात, हा त्यांचा मूळ अभ्यासविषय. अमेरिकन आणि इटालियन मुलांच्या बोलण्यातील कर्तापदाच्या वापराची तुलना करणारा त्यांचा लेख १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

व्हाय सो स्लो ? (१९९८) या ग्रंथामुळे त्यांचे नाव मानसशास्त्राच्या क्षेत्राबाहेरही सर्वतोमुखी झाले. उच्चशिक्षित स्त्रियांची संख्या वाढूनही व्यवसायाच्या वरच्या श्रेणींत त्या तुरळकच का दिसतात, हा या ग्रंथाचा मुख्य प्रश्न होय. त्यांच्या मते याचे कारण उघड द्वेष किंवा कटकारस्थान हे नसून, स्त्री-पुरुषांविषयीचे मनातील ठरीव आकृतिबंध हे आहे. पुरुष कर्तृत्ववान आणि स्त्री इतरांची काळजी वाहणारी, अशा अपेक्षा नकळत मनात रुजलेल्या असतात व त्यांच्या चौकटीतूनच माणसाच्या गुणांची पारख होते. परिणामी पुरुषाची योग्यता किंचित अधिक, तर स्त्रीची किंचित कमी आकली जाते. हे आकृतिबंध स्त्रिया आणि पुरुष या दोघांच्याही मनात असल्याने निवड करणारी व्यक्ती स्त्री असली, तरी ही चूक टळतेच असे नाही.

असा एकेक प्रसंग क्षुल्लक वाटतो. परंतु थेंबे थेंबे तळे साचे, या न्यायाने लाभ व तोटा दोन्ही साठत जातात, हे व्हॅलियन यांच्या विवेचनाचे मर्म आहे. त्यासाठी त्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय प्रतिरूपाचा आधार घेतला. त्यात आठ श्रेणींची एक संस्था कल्पिली होती व प्रारंभी स्त्री-पुरुषांची संख्या समान होती. गुणांकनातील तफावतीपैकी केवळ १ टक्का भाग पूर्वग्रहाचा मानला, तरी बढत्यांच्या अनेक फेऱ्यांनंतर सर्वोच्च श्रेणीत स्त्रिया अवघ्या ३५ टक्के उरल्या.

या विचाराला प्रत्यक्षातही पुष्टी मिळाली. मॅसॅचूसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या विज्ञानशाखेत १९९४ मध्ये १९४ कायम पुरुष-प्राध्यापकांच्या तुलनेत १५ स्त्रिया होत्या. प्रयोगशाळेची जागा, वेतन व अधिकार यांबाबत ज्येष्ठ स्त्री-प्राध्यापकांना डावलले गेल्याचे संस्थेच्या १९९९ मधील अहवालात मान्य करण्यात आले. पुढे २०१२ मधील एका प्रयोगात विज्ञानाच्या १२७ अध्यापकांपुढे एकच अर्ज काहींना पुरुषाच्या, तर काहींना स्त्रीच्या नावाने ठेवला असता, पुरुषाचे नाव असलेला उमेदवार अधिक सक्षम ठरला. त्याला सुचविलेले वेतनही जास्त होते. मात्र २०१५ मधील दुसऱ्या एका अभ्यासात प्राध्यापकपदासाठी स्त्री-उमेदवारांनाच अधिक पसंती मिळाल्याचे दिसून आले. त्यामुळे पूर्वग्रहाचे स्वरूप व व्याप्ती हा वादाचा विषय राहिला.

राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘ॲडव्हान्स’ या योजनेच्या पहिल्या अनुदानप्राप्त संस्थांत हंटर महाविद्यालयाचा समावेश होता. तेथे व्हॅलियन यांनी व्हीटा रॅबिनोविट्स यांच्या सहकार्याने ‘जेंडर इक्विटी प्रॉजेक्ट’ उभारला. नवोदित स्त्री-वैज्ञानिकांना संशोधन व लेखन यांत ज्येष्ठ वैज्ञानिकाचे नियमित मार्गदर्शन मिळावे, अशी व्यवस्था त्यात होती. निवडसमित्यांसाठी व अध्यापकांसाठी सचित्र पाठही तयार करण्यात आले. निकष आधी ठरवावेत, उमेदवारांचा शोध व्यापक करावा आणि वेतन, जागा, बढत्या यांची आकडेवारी नियमितपणे तपासावी, यांवर त्यांचा भर राहिला. मिशिगन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल स्ट्यूअर्ट यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या ॲन इन्क्लूझिव्ह अकॅडमी (२०१८) या ग्रंथात या अनुभवाचे सार आले आहे.

स्त्रियांनी स्वतःला बदलावे, या सल्ल्याऐवजी संस्थांनी आपली मूल्यमापनपद्धती तपासावी, असा रोख या चळवळीला देण्यात व्हॅलियन यांचा वाटा मोठा आहे. केवळ सद्‌हेतू पुरेसा नसतो, तो नियमांत व नोंदींत उतरावा लागतो, हे त्यांच्या कार्याने प्रयोगनिष्ठ मानसशास्त्राच्या आधारे दाखवून दिले.