मृत्युपत्र

आपल्या पश्चात मिळकतीचे काय व्हावे, हे जिवंतपणी लिहून ठेवण्याचा दस्त. इच्छापत्र, बोलीत ‘विल’. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि निदान दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असते आणि शुद्धीत असेपर्यंत मजकूर कितीदाही बदलता येतो. इतके सोपे असूनही ‘आत्तापासून कशाला ते अभद्र’ म्हणत घरोघरी हा कागद लांबणीवर पडतो.

देवळाली कॅम्पसारख्या तोफखान्याच्या गावात तशी सवलत नाही. तोफखान्याचे अभिलेख कार्यालय जवळच नाशिक रोड कॅम्पात आहे. विशीतल्या जवानालाही नोकरीच्या कागदांत वारसाचे नाव भरावे लागते; अविवाहित असताना बहुधा आईचे, लग्नानंतर बायकोचे.

कॅम्पाला लागूनच असलेल्या भगूरमध्ये १८८३ मध्ये वि. दा. सावरकर जन्मले. १८९९ च्या प्लेगने त्यांचे वडील नेले. १९१० मध्ये लंडनला अटक झाल्यावर त्यांनी वहिनीला उद्देशून ‘माझे मृत्युपत्र’ ही कविता लिहिली. उतारवयात केलेले खरे मृत्युपत्र कवितेपेक्षा रोखठोक होते: देह खांद्यावरून न नेता वाहनातून न्यावा, विद्युतदाहिनीत जाळावा, दुकाने बंद ठेवू नयेत, पिंडदान करू नये. देशभरातून अस्थी घेऊन लोक ज्या नाशिकच्या रामकुंडावर येतात, त्या मुलखातल्या माणसाने हे लिहावे, हे विशेष. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी ते वारले आणि चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीत त्यांचे दहन झाले.

त्याआधी जोतीराव फुले यांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून दत्तक पुत्र यशवंतला वारस नेमले होते. तरी १८९० मध्ये अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंद अडून बसले आणि सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले. आगरकरांनी (मृत्यू १८९५) तर स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे सांगतात. या मंडळींच्या मृत्युपत्रांत वाटणीपेक्षा वागणूक जास्त आहे. आयुष्यभर जे बोलले, ते शेवटच्या दिवशी घरच्यांनी मोडू नये म्हणून केलेली ही तजवीज.

मिळकतीचा घोळ मात्र आजही नॉमिनीपाशी होतो. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले, त्यांच्या पश्चात गुंतवणुकीवरून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२३ च्या निकालानुसार नॉमिनी हा मालक ठरत नाही; मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते.

वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे बरे होण्याची आशा नसताना उपचार थांबवावेत असे आधीच लिहून ठेवणे, हा नवा प्रकार. केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर ४२ वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या प्रकरणातील २०११ च्या निकालाने दार किलकिले झाले आणि २०१८ मध्ये असे इच्छापत्र ग्राह्य ठरले. २०२३ पासून त्यावर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही चालते. उपचार थांबवण्याआधी मात्र दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागते.