घरचा वस्तरा आणि त्याच्या तीन पिना

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या माळ्यावर एखादा जुना वस्तरा पडलेला असेल. पॉलिशवाल्याकडे देण्याआधी त्याच्या मुठीतल्या पिना नीट बघा, एवढ्याचसाठी लिहितोय.

आमचा वस्तरा शेफील्डचा, मूठ शिंगाची. पात्याच्या देठावर ‘इंग्लंड’ असं कोरलेलं आहे. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं, आणि मग ते सर्रास दिसू लागलं. म्हणजे आमचा बहुधा त्यानंतरचा. पणजोबा सदर्न मराठा रेल्वेत कारकून. कंपनीचं मुख्य ऑफिस धारवाडला, वर्कशॉप हुबळीला. मुठीत पिना तीन. दोन पितळी, वर इवलेसे वायसर. तिसरी, शेपटाकडची, लोखंडी आणि बिनवायसरची. ती शेफील्डची नव्हेच, वर्कशॉपातल्या कुणा फिटरनं ठोकलेली असणार. लेजरमध्ये वेगळ्या शाईची नोंद दिसली की आम्ही बँकवाले थांबतो, तसा मी तिथे थांबलो.

पातं गंजून सांध्यात अडकलं होतं. ते सुटं करायला सांध्याची एकच पिन काढावी लागते, बाकीच्यांना हात लावायचं कारण नाही. पिन म्हणजे तारेचा तुकडा, दोन्ही टोकं ठोकून वायसरवर पसरवलेली. पकडीनं ओढली तर शिंग तडकतं. आधी पात्याला जाड चिकटपट्टी गुंडाळायची. मग बारीक कानशीनं एका बाजूचं डोकं वायसरपर्यंत घासायचं. वायसर निघाला की भोक पाडलेल्या लाकडी ठोकळ्यावर मूठ ठेवून, टोच्यानं पिन हळूहळू खाली उतरवायची. घाई केलीत की संपलं. दुर्गदबैलजवळच्या एका सोनारानं मला हत्यारं दिली आणि दोन तास माझी गंमत बघत बसला! (मूठ सेल्युलॉइडची असेल तर ठिणगी, उष्णता यांपासून जपा बरं का, ते झटकन पेटतं.)

आत निघाला वाळलेला साबण आणि गंज. पुतण्या पुण्याहून म्हणाला, ‘काका, नवी शिसवी मूठ बसवा, शोकेसमध्ये ठेवू.’

ताई ८४ वर्षांची आहे. ती गप्प बसली, मग म्हणाली, ‘हा आत्याआजीचा वस्तरा.’

न्हाव्याचा वस्तरा घरोघर फिरतो म्हणून आमच्याकडे स्वतःचा ठेवलेला. पुरुषांची दाढी त्यानंच, आणि परसदारी आत्याआजीचं केशवपनही त्यानंच. ती बाराव्या वर्षी विधवा झालेली. मुंबईत १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं नाभिकांनी ठरवलं होतं, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. ज्यांच्या हातात हत्यार होतं त्यांनीच ते खाली ठेवलं, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. आमच्या घरात मात्र आत्याआजी १९५२ साली गेली तोवर हे चालू होतं. शेवटी शेवटी घरचे नको म्हणत, तीच ऐकत नसे. लाल आलवण नेसून, डोळे मिटून पाटावर बसलेली ती ताईला आठवते.

वस्तरा मोडला तेव्हा कुणीतरी तो फेकून न देता वर्कशॉपात नेला, लोखंडी पिन मारून आणली, आणि पुढच्या खेपेला पुन्हा परसदारी दिला. कुणी नेला असेल? पणजोबांनीच? वडिलांना विचारायला हवं होतं असं आता वाटतं.

नवी मूठ बसवली नाही. सांध्याला पितळी तारेची पिन घातली, दोन्ही बाजूंना जेमतेम मिलिमीटरभर टोक ठेवून छोट्या हातोडीनं हलकेच ठोकलं. लोखंडी पिन जिथल्या तिथे आहे. पातं आता सहज उघडतं, मिटतं. गंज काढला, तेल लावलं. धार मात्र ताईनं लावू दिली नाही.