हाउक, राल्फ
(९ ऑगस्ट १९१९–२१ जुलै २०१०). अमेरिकन बेसबॉलपटू, प्रशिक्षक व व्यवस्थापक. जन्म कॅन्झस राज्यातील लॉरेन्स येथे. दुसऱ्या महायुद्धात रेंजर दलातील पराक्रमाबद्दल त्यास ‘सिल्व्हर स्टार’ हे शौर्यपदक मिळाले. १९४७ मध्ये तो न्यूयॉर्क यांकीज संघात कॅचर म्हणून आला. फलंदाजामागे बसणारा कॅचर हा सर्व मैदान समोर दिसणारा एकमेव क्षेत्ररक्षक होय. तथापि ही जागा योगी बेरासारख्या असामान्य खेळाडूने व्यापलेली असल्यामुळे आठ हंगामांत हाउकच्या वाट्याला अवघे ९१ सामने आले. त्यांत एकही होमरन त्याच्या नावावर नाही.

डेन्व्हरच्या दुय्यम संघाचे व्यवस्थापन (१९५५–५७) व पुढे यांकीजचे प्रशिक्षकपद सांभाळल्यावर १९६१ मध्ये तो केसी स्टेंगेलच्या जागी व्यवस्थापक झाला. स्टेंगेल व्हायटी फोर्ड या गोलंदाजास मोजकेच सामने देई. हाउकने त्यास दर चौथ्या दिवशी उतरविले व फोर्डने त्या हंगामात २५ सामने जिंकून दिले. १९६१ व १९६२ च्या जागतिक मालिका यांकीजने जिंकल्या. १९६३ ची मात्र गमावली.

नंतर हाउक महाव्यवस्थापक झाला आणि बेरा त्याच्या हाताखाली व्यवस्थापक. १९६४ ची जागतिक मालिका सेंट लुइस कार्डिनल्सकडून सातव्या सामन्यात हरताच हाउकने बेरास काढले व विजयी संघाचाच व्यवस्थापक जॉनी कीन यास आणले. हा निर्णय अंगलट आला. १९६६ मध्ये कीनला दूर करून हाउक स्वतः परतला. त्या वर्षी संघ दहाव्या, म्हणजे शेवटच्या, स्थानावर राहिला. पुढे १९७३ पर्यंत यांकीज, नंतर डेट्रॉइट (१९७४–७८) व बॉस्टन (१९८१–८४) या संघांकडे असतानाही त्यास पुन्हा विजेतेपद लाभले नाही. फ्लॉरिडातील विंटर हेवन येथे त्याचे निधन झाले.