पिशवीला मोड नाही

भंडाऱ्याला पितळेचं शहर म्हणतात. आमची अम्मी चेपलेला गुंड मोडीत द्यायची, वर थोडे पैसे घालून नवा आणायची. जुनं पितळ पुन्हा मुशीत. वैनगंगेत भांडं फेकायला कोण वेडा होता?

मग हलक्या बादल्या आल्या, मागोमाग पिशव्या. त्या उन्हानं ठिसूळ होतात, तुटतात, पण संपत नाहीत. अशा बारीक कणांना इंग्लंडच्या रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ मध्ये ‘मायक्रोप्लास्टिक’ म्हटलं.

मुंबईच्या २००५ च्या पुरानंतर, २००६ मध्ये राज्यानं ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घातली. २०१८ मध्ये सगळ्याच पिशव्यांवर. भाजीबाजारात त्या अजून दिसतात, तो भाग वेगळा.

परवा कबाडीवाल्यापुढे मूठभर पिशव्या धरल्या. बाटल्या तो घेतो. हसून म्हणाला, “चाचा, यांचं वजन तरी भरतं का?”