संध्याकाळी साडेसहाला झालेली चोरी ‘रात्रीची घरफोडी’ कशी ठरते? हिवाळ्यात हडपसरकरांनी घर बंद करताना काय बघावं?

डिसेंबरमध्ये पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. फरक तासाभराचा. पण हडपसरमधली नोकरदार मंडळी नेमकी त्या वेळी सोलापूर रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असतात. आजूबाजूला दिवे लागलेत आणि एकच घर अंधारात, एवढं दिसलं तरी चोराला पुरतं.

कायदाही हा फरक मानतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 331 नुसार चोरीसाठी केलेल्या घरफोडीला 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तीच घरफोडी सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत झाली, तर 14 वर्षांपर्यंत. म्हणजे साडेसहाला कुलूप तुटलं तर जूनमध्ये ती दिवसाची घरफोडी आणि डिसेंबरमध्ये रात्रीची!

हिवाळाच का?

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. दागिने बँकेच्या लॉकरमधून घरच्या कपाटात येतात आणि शेवटचं लग्न उरकेपर्यंत तिथंच राहतात. चंपाषष्ठीला जेजुरी, नाताळच्या सुट्टीत गाव, अशी घर बंद ठेवायची निमित्तंही याच दिवसांत. त्यात थंडीमुळे शेजारीपाजारी दारं-खिडक्या लावून झोपलेले.

कुलूप भारी, पण कोयंडा?

‘कडी-कोयंडा तोडून आत प्रवेश’ हे वाक्य बातम्यांत कायम वाचायला मिळतं. हजार रुपयांचं कुलूप घेतलं तरी कोयंडा चार छोट्या स्क्रूवर असेल, तर कटावणीच्या एका झटक्यात तो निघतो. सुताराला सांगून कोयंड्याला दारातून आरपार जाणारे बोल्ट लावून घ्या, नट आतल्या बाजूला. खर्च फार नाही. लॅच लॉक असेल तर दार नुसतं ओढून घेऊ नका, किल्ली फिरवून लॉक करा.

बाहेर लटकणारं कुलूप म्हणजे घरात कोणी नसल्याची पाटीच. सेफ्टी डोअर किंवा आतलं लॉक असेल, तर ती टळते. दूध-पेपर बंद करा, शेजाऱ्यांना रोज एक दिवा लावायला सांगा. सीसीटीव्ही असेल तर डीव्हीआर टीव्हीखाली ठेवू नका. चोर तोही उचलून नेतात. गावाचे फोटो परत आल्यावर टाकले तरी लाइक्स तेवढेच मिळतात.

दागिने कुठे ठेवायचे?

लग्न झालं की पुन्हा लॉकरमध्ये. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार लॉकरमध्ये चोरी झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंत असते. भाडं 3,000 रुपये असेल तर 3 लाख. दागिने त्याहून महाग असतील तर वेगळा विमा बघावा. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मुख्यतः आग, पूर, भूकंप यांसारख्या घटनांसाठी आहे. अशा घटनेनंतर 7 दिवसांत झालेली चोरी त्यात येते, एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर लागतं.

कुलूप तुटलेलं दिसलं तर?

आत जाऊ नका, चोर अजून घरात असू शकतो. 112 वर फोन करा. कपाट, दार, कडी कशालाच हात लावू नका, ठसे पुसले जातात. दागिन्यांच्या पावत्या, वजनं आणि फोटो मोबाईलमध्ये आधीपासून ठेवा. माल सापडलाच, तर तो आपला असल्याचं कोर्टात याच कागदांवरून दाखवता येतं.

2024 मध्ये फुरसुंगी आणि काळेपडळ ही नवी पोलीस ठाणी झाल्याने हद्दीचा गोंधळ होऊ शकतो. तरीही ‘झिरो एफआयआर’ कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि त्याची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते.