कंठी आणि खांद्यावरचा डाग

कृष्णपुऱ्यात खान नदीच्या काठी कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकर यांच्या छत्र्या आहेत. त्यांच्या शिखरांवरून सायंकाळी पोपटांचे थवे जाताना दिसले, की आपल्या जुन्या वाड्यांतील पिंजरे आठवतात. होळकरांबरोबर माळव्यात आलेल्या मराठी घरांनी पोपटाला ‘विठू विठू’ म्हणायला शिकवले. मात्र त्या एकाच ‘मिठू’ नावाखाली दोन निरनिराळ्या जाती नांदत होत्या, याकडे सहसा कुणाचे लक्ष गेले नाही.

पहिला कंठवाला पोपट. त्याची लांबी सुमारे ४० सेंटीमीटर असून प्रौढ नराच्याच गळ्याला काळी-गुलाबी कंठी असते. दुसरा पहाडी पोपट. तो ५५ सेंटीमीटरच्या आसपास भरतो. चोच जाडजूड, आवाज अधिक घोगरा. कंठी त्याच्याही नराला असते. म्हणून खरी खूण म्हणजे खांद्यावरचा किरमिजी डाग. तो नर-मादी दोघांनाही असतो, कंठवाल्याला नसतो.

लिनियसने १७६६ साली पहाडी पोपटाला आणि स्कोपोलीने १७६९ साली कंठवाल्याला शास्त्रीय नाव दिले. इंग्रजीत पहाडी पोपट अलेक्झांडरच्या नावाने ओळखला जातो. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याने माणसासारखे बोलणाऱ्या या पक्ष्याचे नवल नोंदविल्याचे एरियन सांगतो. आपण स्वतः असे पोपट पाहिले असल्याने त्यात नवल वाटत नाही, अशी पुस्तीही तो जोडतो.

पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. कंठवाला झाडाच्या ढोलीत तसाच भिंतीच्या भोकातही घरटे करतो. लंडनसारख्या परक्या शहरातही तो स्थायिक झाला. पहाडी पोपटाला मोठ्या, जुन्या वृक्षाची ऐसपैस ढोली लागते. शिवाय देखणा आणि चांगला बोलणारा म्हणून त्याची पिले ढोलीतून काढून विकली गेली. २०१३पासून तो जागतिक सूचीत ‘संकटसमीप’ गणला जातो; कंठवाल्याला तशी चिंता नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये दोन्ही पोपट पकडणे, विकणे वा पाळणे आज गुन्हा आहे. आपल्या पूर्वजांनी त्यांना जीव लावला, हे खरे. पण त्या मायेची किंमत ढोलीतल्या पिलांनी दिली, हेही आपल्या घराण्यांच्या इतिहासात नोंदवले पाहिजे. जुना वड वा पिंपळ तोडण्याची वेळ आली, तर आधी त्याच्या ढोलीत कोण राहते ते पाहावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.